तारक्कांचा मंगोलिया

मंगोलियाचं चलन मिळेल का, असा प्रश्न आमच्या बँकेच्या कुंभकोणम शाखेत आजवर एकाच व्यक्तीनं विचारला असेल. मी नाशिकहून बदलीवर तिथं गेले, त्याला जेमतेम महिना झाला होता. काउंटरवर गर्दी नव्हती म्हणून मी आईशी फोनवर बोलत होते. लोणच्याची बरणी कुणाबरोबर पाठवायची, असलं काहीतरी. फोन ठेवला तर समोर काड्यांसारखे हात असलेल्या, उंच, सावळ्या बाई उभ्या. नऊवारी नाही, साधी सुती सहावारी, गळ्यात दुर्बीण. माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुम्ही मराठी बोलतां काय?"

मी दचकलेच. "हो. तुम्हीपण?"

"आमचें मराठी," त्या म्हणाल्या. "तुमचें वेगळें, आमचें वेगळें. तरी कळतें." मग लगेच कामाकडे वळल्या. "मंगोलिया देशाचें नाणें तुमचे बँकेंत सांपडेल काय?"

तंजावरच्या राजांबरोबर खाली उतरलेल्या मराठी घरांबद्दल मी ऐकून होते. ती भाषा अशी, दुर्बीण लावून, मंगोलियाची चौकशी करत पुढ्यात येईल असं वाटलं नव्हतं. नाणं आमच्याकडे नव्हतं, तिथं पोचल्यावरच बदलून घ्यावं लागेल, असं मी चौकशी करून सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. केव्हा जाणार आहात, असं मी विचारलं.

"ठरवून पांच वर्षें झालीं," त्या म्हणाल्या. "जायचें तेवढें राहिलें आहे."

ताराबाई त्यांचं नाव. गल्लीत सगळे तारक्का म्हणत. मीही अक्का म्हणू लागले. त्यांना जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलंय.

आडुतुरैला भातावर संशोधन चालतं. तिथं तारक्कांनी कीटक मोजण्यात तेहेतीस वर्षं काढली. सकाळच्या गाडीनं जायचं, गुडघ्यापर्यंत चिखलात उतरायचं, आणि चौकटीतल्या चुडांवर खोडकिडा किती, तुडतुडे किती, कोळी किती, हे तक्त्यात भरायचं. तक्त्यात पाखरांना रकाना नव्हता. पाखरं मात्र रोज यायची. तारक्का त्यांना समासात लिहायच्या. साहेबांनी एकदा विचारलं, हे काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, "माझे कीटक खातात ते हे. यांना मोजल्यावांचून माझी मोजणी खोटी." साहेब हसले आणि समास त्यांचा त्यांना ठेवू दिला.

त्या पाखरांतलं एक त्यांच्या मनात बसलं. पिवळ्या डोक्याचा धोबी. शेपटी सारखी वरखाली करणारं, चिमणीहून थोडं मोठं, लांबट पाखरू. तमिळमध्ये त्याला 'वालाट्टी' म्हणतात, शेपूट हलवणारा. ऑक्टोबरात येतं, एप्रिलात जातं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तारक्कांनी एका वरिष्ठांना विचारलं होतं, उन्हाळ्यात हे कुठं जातात? ते तक्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मेले." तमिळमध्ये मेले म्हणजे वर, वरच्या बाजूला. हा किस्सा सांगताना तारक्का डोळे पुसेपर्यंत हसायच्या. "घरीं येऊन सांगितलें, वालाट्टी मेले. आई म्हणाली, सगळे?"

पण वर म्हणजे कुठं, हे त्यांना पुढं कितीतरी वर्षांनी पुस्तकांतून कळलं. मंगोलियाच्या ओल्या कुरणांत, ओढ्याकाठच्या गवतात हे पक्षी घरटी करतात. आणि तिथं त्यांचं रूप वेगळं असतं. नराचं डोकं हळदीसारखं पिवळंधमक, मानेवर काळा पट्टा.

"इथें येतात ते मळक्या कपड्यांत," तारक्का मला म्हणाल्या. "निघतांना कोणी कोणी अर्धा नेसलेला असतो. पुरा नेसलेला मीं पाहिलाच नाहीं. तेहेतीस वर्षें माझे शेतांत जेवले, आणि यांचें लग्न मीं एकदांही पाहिलें नाहीं."

महामहम तलावापासून दोन गल्ल्या आत, एका घराच्या मागच्या भागात त्या राहत. दोन खोल्या आणि स्वैपाकघर. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर "राहून गेलें" एवढंच. थोरले भाऊ, अण्णा, बरोबर असत. अण्णांना पक्षाघात होऊन सहा वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं दहाबारा शब्दांवर आलेलं. खिडकीशी पलंग, पलंगासमोरच्या भिंतीवर मंगोलियाचा नकाशा. नकाशा खरं तर अण्णांच्या सोयीनं लावला होता; त्यांना पडल्यापडल्या दिसावा म्हणून. दिवसा मदतीला सेल्वी यायची. दारासुरमच्या रेशमी मागावर काम करणाऱ्या घरातली सून, नवरा गेलेला, जिभेला धार.

पहिल्यांदा गेले त्या संध्याकाळी तारक्कांनी मला पिठलं वाढलं. आमच्यासारखंच, पण चिंच घातलेलं. मी मीठ मागितलं. सेल्वीनं फळीवरचे डबे न्याहाळले आणि एक उचलून दिला. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर कुठल्यातरी भलत्याच लिपीत काहीतरी लिहिलं होतं. सगळ्याच डब्यांवर होतं.

"तिकडची अक्षरें शिकतें आहें," तारक्का म्हणाल्या. "पाट्या वाचतां आल्या पाहिजेत. हें दवस, मीठ. हें उस, पाणी. आणि हें पाहा, त्साय. चहाच कीं! इतकें दूर जाऊन चहा तो चहाच."

सेल्वी तमिळमध्ये करवादली, "पहिल्या आठवड्यात मी अय्यांच्या कॉफीत दवस घातलं. ते बिचारे बोलूही शकेनात. प्यायले."

पलंगावरून अण्णा हसल्याचा आवाज आला. अर्ध्या तोंडानं हसत, पण पोटभर.

तारक्कांचं सहलीचं नियोजन म्हणजे एक जाडजूड वही होती. कुठल्या आठवड्यात बर्फ वितळतं, कुठल्या आठवड्यात अंडी, कुठल्यात पिल्लं. चेन्नईहून दिल्ली, दिल्लीहून पुढं. राजधानीपासून धोबी घरटी करतात त्या दरीपर्यंत जीपनं दोन दिवस. तिथल्या ओयुना नावाच्या एका बाईशी त्यांची पत्रापत्री चालू होती. ओयुना पाहुण्यांना पक्षी आणि रानघोडे दाखवायला न्यायची. तारक्का मोबाइलवर एका बोटानं इंग्रजी पत्रं टाइप करायच्या आणि पाठवण्याआधी मला वाचायला लावायच्या. पाणथळ मुक्कामापासून किती पावलांवर? रात्री तंबूत शेगडी कोण पेटवतं? मांस शिजलेलं भांडं मला चालणार नाही, तर मी माझं आणू का? ओयुनानं लिहिलं, आणू नका, मी नवीन घेऊन ठेवते. तारक्कांनी ते तीनदा वाचलं. "पाहा," त्या म्हणाल्या, "न पाहिलेल्या बाईसाठीं नवें भांडें!"

थंडीची त्यांना खरी भीती होती. कुंभकोणममध्ये डिसेंबरात लोक कानाला मफलर बांधतात, तेव्हाही घाम येतो. आयुष्यात त्यांनी कधी थंडी पाहिली नव्हती. एक दिवस मला म्हणाल्या, "वैशालीबाई, रविवारीं मोकळ्या आहांत काय? बर्फाचे कारखान्यांत जायचें आहे." मला वाटलं, कुणी ओळखीचं असेल. गेलो तर त्यांनी मालकाला सगळं समजावून सांगितलं आणि बर्फाच्या लाद्या ठेवतात त्या खोलीत शिरल्या. अंगात अण्णांचा जुना स्वेटर, त्यावर माझी शाल, हातात लोकरीचे मोजे, गळ्यात दुर्बीण. मालकानं दार लोटलं. मी बाहेर घड्याळ धरून. पंधरा मिनिटं राहणार म्हणाल्या होत्या, सात मिनिटांतच आतून दार वाजलं. बाहेर आल्या तेव्हा दात वाजत होते, पण चेहरा पास झालेल्या मुलीसारखा.

"थंडी सोसतें," त्या म्हणाल्या. "पण मोजे घालून दुर्बिणीचें चाक फिरत नाहीं. बोटें कापलेले मोजे पाहिजेत." तिथंच, कुडकुडत, वहीत लिहिलं.

मालकानं आम्हाला कॉफी पाजली. कशासाठी चाललंय हे सगळं, असं त्यानं विचारलं. तारक्कांनी सांगितलं. तो म्हणाला, तो पक्षी तर आमच्या चोळपुरमच्या शेतात बसलेला असतो! इतक्या लांब कशाला? तारक्का म्हणाल्या, "तुमच्या मुलीला सासरीं तुम्ही कधी भेटायला गेलाच नाहींत काय?" तो विचारात पडला. मग म्हणाला, "जायला हवं."

व्हिसाचा अर्ज मी भरत होते तेव्हाही असंच. भेटीचं कारण काय, असा रकाना होता आणि खाली पर्याय. मी सहलीवर बोट ठेवलं. "नातेवाइकांची भेट, हें आहे काय त्यांत?" त्यांनी विचारलं. होतं. पण त्यासाठी निमंत्रणपत्र लागलं असतं. "मग सहल लिहा," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "थोडें खोटें चालेल."

त्यांनी मलाही बरोबर बोलावलं होतं. एकदाच विचारलं, आग्रह न करता. मी म्हटलं, अक्का, बँकेत जूनमध्ये रजा मिळणं कठीण. रजा शिल्लक होती. मागितली असती तर मिळालीही असती. मला भीती कसली वाटली, हे आज नीट सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "बरें," आणि वहीतल्या 'दोन माणसें'चं 'एक माणूस' केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरलं. तिकीट झालं, बोटं कापलेले मोजे झाले. सेल्वीनं तेवढे दिवस अण्णांजवळ येऊन राहायचं कबूल केलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात अण्णांना ताप चढला. दोन दिवसांत छाती भरली आणि त्यांना तंजावरच्या दवाखान्यात हलवावं लागलं. मी बँकेतून परस्पर तिथं गेले. तारक्का बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "तिकीट रद्द करायचें कैसें, तें मला येत नाहीं. तुम्ही कराल काय?"

मी तिथंच त्यांच्या शेजारी बसून फोनवर ते केलं. त्या बघत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "या आठवड्यांत अंडीं असतील."

अण्णा तीन आठवड्यांनी घरी आले. मी भेटायला गेले तेव्हा तारक्का स्टुलावर चढून डब्यांवरचे कागद खरवडत होत्या. सेल्वी खालून भांडत होती. "काढू नका. मला आता तसेच ओळखू येतात. त्सायचा डबा कुठला, हे मी अंधारात सांगेन." तारक्का थांबल्या. मग खाली उतरल्या आणि काढलेले दोन कागद गोंद लावून पुन्हा चिकटवले.

जुलैत अण्णांनी सत्याग्रह केला. सकाळी सेल्वी इडली भरवायला गेली तर त्यांनी तोंड मिटलं. दुपारी तेच. तारक्का घाबरल्या, डॉक्टरांना बोलावते म्हणाल्या. अण्णांनी डावा हात उचलून भिंतीवरच्या नकाशाकडे दाखवलं.

"जा," ते म्हणाले.

"अण्णा, जेवा आधीं."

"जा."

"आतां काय जाऊन? पोचेन तों ते निघालेले असतील."

अण्णांनी पुन्हा तोंड मिटलं. रात्रीचं जेवणही परत गेलं. दुसऱ्या दिवशी तारक्का माझ्याकडे बँकेत आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "ऑगस्टाचे अखेरीचें तिकीट काढा. बारा दिवसांचें. कागद त्यांस दाखवल्यावांचून जेवणार नाहींत."

मी म्हटलं, "अक्का, पुढच्या जूनला जा ना. तेव्हा सगळं बघायला मिळेल."

"पुढल्या जूनला अण्णा कैसे असतील? मी कैसी असेन?" त्या म्हणाल्या. "लग्न तर चुकलें. मांडव उतरल्यावर पोचेन. पण मांडवाची जागा तरी पाहीन."

गेल्या. अडुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा विमानात, एकट्या. सामानात भाजलेले पोहे, डाळीची पूड, लिंबाचं लोणचं आणि ओयुनासाठी पितळी टंबलर. दरीत फोन लागत नव्हता. आठ दिवस काही कळलं नाही. मी रोज संध्याकाळी अण्णांकडे जाऊन बसे. ते नकाशाकडे बघत. मी विचारी, आज कुठं असतील? ते डाव्या हाताचं बोट हवेत थोडं पुढं सरकवीत.

परत आल्यावर त्या फार बोलल्या नाहीत. कांड्या करकोच्यांचे थवे पाहिले म्हणाल्या, रानघोडे पाहिले, मार्मोट नावाचा बिळातला गुबगुबीत प्राणी दोन पायांवर उभा राहून आपल्याकडे कसा बघतो ते करून दाखवलं. सेल्वी खूश झाली. धोब्यांचं नाव कुणी काढलं नाही. ते मला त्यांनी आठवड्यानं सांगितलं, मागच्या अंगणात धुणं वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून.

"तीन दिवस त्या पाणथळींत बसलें. एकही नव्हता. ओयुना म्हणाली, मागल्या आठवड्यापर्यंत पिल्लें होतीं. तिला माझ्याहून जास्त वाईट वाटत होतें. शेवटले दिवशीं ती गवतांत ओणवी होऊन शोधत होती. मग मला हाक मारली. ओढ्याचे कडेला, गवताचे बुंध्याशीं घरटें होतें. एवढेंसें. आंतून घोड्याचे केंस लावलेले." त्यांनी ओल्या हातानं आकार दाखवला. "मीं बोट घातलें आंत. गार होतें."

पातळ पिळून त्यांनी दोरीवर टाकलं.

"आणलंत?" मी विचारलं.

"छे. त्यांचें आहे तें." पुढचं धुणं झटकत म्हणाल्या, "ओयुनाची आई तिथेंच राहते, मेंढ्या घेऊन. मीं तिला फोनांतल्या फोटोंत आमचें शेत दाखवलें. लावणीचें. ती खूप वेळ पाहत राहिली. मग ओयुनाला काय बोलली. मीं विचारलें, काय म्हणते? ओयुना म्हणाली, आई म्हणते, इतकें पाणी? मग ठीक. मला काळजी होती, हिवाळ्यांत कोठें जातात ते."

तारक्का वळल्या. रडत नव्हत्या.

"पाहिलें म्हणजे ओढ संपते, ऐसें वाटलें होतें. आतां दोन ठिकाणांची झाली."

ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी त्यांनी मला चोळपुरमला नेलं. नुकतीच लावणी झालेली, पाणी काचेसारखं. बांधावरून चालता चालता त्या थबकल्या आणि माझं मनगट धरलं. समोर चिखलात तीन पाखरं धावत होती. मळकट, पिवळसर, शेपट्या वरखाली. दुर्बीण त्यांनी डोळ्याला लावलीच नाही. नुसत्या बघत राहिल्या, लांबच्या प्रवासातून आलेल्या मुलांना आई आधी नुसती बघते, तशा. त्यांतलं एक अगदी जवळ आलं. तारक्कांनी हळूच विचारलं, "जेवलांत काय?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही.

माझ्या बदलीचा हुकूम पुढच्या मार्चमध्ये आला. तारक्का त्या हिवाळ्यात थकल्या होत्या. बँकेचा जिना चढताना मध्ये उभ्या राहत, छातीवर हात ठेवून, आणि कुणी बघतंय असं दिसलं की पुन्हा चढू लागत. मी कुंभकोणम सोडल्यावर नऊ महिन्यांनी सेल्वीचा फोन आला, तेव्हा तिनं जे ऐकायची भीती होती तेच सांगितलं: दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. अण्णा आहेत. सेल्वी त्यांना आपल्या घरी दारासुरमला घेऊन गेली आहे. "माग चालतो त्या आवाजात त्यांना झोप लागते," ती म्हणाली. नकाशाचं विचारायचा मला धीर झाला नाही.

पण मला शेवटच्या दिसल्या त्या एप्रिलात. आदल्या संध्याकाळी निरोप घेऊन झाला होता. त्यांनी डब्यात डांगराची, उडदाच्या पिठाची पचडी दिली, माझ्या केसांत मोगरा माळला आणि म्हणाल्या, "जाऊन येतें म्हणा. जातें म्हणूं नये." मी तसं म्हटलं. सकाळी टॅक्सीनं चेन्नईच्या रस्त्याला लागले. अकराचा सुमार, ऊन असं की डांबर चमकत होतं. चोळपुरम मागं पडताना उजव्या हाताला बोअरच्या पाण्यावर केलेल्या भाताचा एक हिरवा तुकडा लागला, आणि त्याच्या बांधावर त्या होत्या. माझ्याकडे पाठ. पातळाचा काठ पोटरीपर्यंत वर खोचलेला, छत्री मिटून काखेत. एवढ्या उन्हात छत्री मिटलेली का, हे मला कळायला क्षणभर लागलं. मग त्यांच्या पुढ्यात, चारपाच हातांवर, चिखलात काहीतरी शेपूट वरखाली करताना दिसलं.

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "थांबू का, मॅडम? ओळखीच्या आहेत?"

मी काच खाली केली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या जवळ होत्या. त्या एक पाऊल पुढं टाकत, थांबत. पाण्यात भांडं बुडवताना आवाज होऊ नये म्हणून जपावं तसं पाऊल. मान एका बाजूला झुकलेली. मी दोन्ही हातांनी काचेची कड धरून बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "थांबू नका. हळू चला. हॉर्न वाजवू नका."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. बांधावर आणखी एक पाऊल पुढं गेल्या.